प्रश्न तुमचा, खाते पुतण्याचे

या आठवड्यात दापोली तालुक्यातील एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. नाव आणि गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती अर्थातच पाळली आहे. पत्र थोडे संक्षिप्त करून देते:

“माझे वय 51 आहे. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. घरात सांगायचा धीर झाला नाही. रात्री सगळे झोपल्यावर पडवीत बसून मोबाइलच्या माइकवर हळू आवाजात विचारले, ‘छातीतली गाठ दुखत नसेल तर काय असते’. चार-पाच रात्री असेच विचारत राहिले. एका रुग्णालयाच्या पानावर ‘मोफत सल्ला’ असे लिहिले होते, तिथे नाव आणि नंबर भरला. त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या पुतण्याचा जाऊबाईंना फोन आला की, काकूला काय झाले आहे? मी त्याला काहीच सांगितले नव्हते. हा फोन तीन गणपतींपूर्वी त्याने आणला आणि चालू करून दिला, एवढाच त्याचा संबंध. तेव्हापासून रोज अनोळखी नंबरांवरून फोन येतात. कुणी तपासणीचे पॅकेज सांगतो, कुणी विमा. मोबाइल उघडला की तशाच जाहिराती दिसतात. आता पाखाडीने जाता-येता बायका ‘बरी आहेस ना गं’ म्हणून विचारतात. मोबाइल आपले बोलणे ऐकतो म्हणतात, ते खरे का? मुलगी म्हणते, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या खासगी खिडकीत शोधले असतेस तर कुणाला कळले नसते. मी फोन कपाटात ठेवून दिला आहे. पुन्हा काही विचारायची भीती वाटते. काय करू?”

ताई, मोबाइलचे नंतर पाहू, आधी गाठीचे बोलू. तुमच्या पत्रात शोधण्याबद्दल बरेच आहे, पण डॉक्टरांनी तपासल्याचा उल्लेख कुठेही नाही, त्यामुळे दोन महिने उलटूनही ती गाठ कुणी पाहिलेली नाही असेच मला धरून चालावे लागते. छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कोणती गाठ कसली, हे डॉक्टरांनी हाताने तपासून, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून आणि गरज पडल्यास सुईने नमुना घेऊनच ठरते. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणे बरोबर नाही आणि मोबाइलवर वाचून रात्र रात्र जागणेही बरोबर नाही. तीस वर्षांवरील स्त्रियांची ही प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. आशाताई तुमच्याच वाडीतली असेल आणि तिच्याजवळ बोलायला संकोच वाटत असेल, तर सकाळच्या एस.टी.ने थेट दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. पुढे जावे लागलेच तर रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय आहे, डेरवणचे वालावलकर रुग्णालय आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयाचा रस्ता आपल्याकडच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. याच आठवड्यात जा. खाली जे लिहिले आहे ते त्यानंतर सावकाश वाचले तरी चालेल.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कुणीतरी एकजण कान देऊन बसला आहे आणि तो तुमचे गुपित सगळीकडे सांगत सुटला आहे, असे तुम्हाला वाटते आहे, आणि म्हणूनच तुम्ही फोन कपाटात कोंडला आहे. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. मला त्यात एकमेकींशी फारसा संबंध नसलेल्या तीन वेगळ्या घटना दिसतात. पुतण्याला कळले ते एका वाटेने, अनोळखी माणसांना तुमचा नंबर मिळाला तो दुसऱ्या वाटेने, आणि जाहिराती येतात त्या आणखी निराळ्या वाटेने. या वाटा वेगळ्या ओळखता आल्या तर प्रत्येकीला आपापले कवाड लावता येते.

पुतण्याचे कोडे सर्वांत सोपे आहे, आणि तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेलेही तेच असावे. अँड्रॉइडचा नवा फोन चालू करताना गूगलचे एक खाते मागितले जाते. तुमचे खाते नव्हते, गणपतीच्या गडबडीत नवे काढत बसायला कुणाला सवड नव्हती, म्हणून पुतण्याने स्वतःचेच खाते घालून फोन तुमच्या हातात दिला असणार. हा माझा अंदाज आहे, पण फारसा चुकणारा नव्हे, कारण बचत गटांच्या बैठकांमध्ये बायकांचे फोन हातात घेऊन पाहते तेव्हा मुंबईकर मुलाचे, भाच्याचे, जावयाचे खाते घातलेले दोन-तीन फोन मला दर वेळी सापडतात. त्या खात्यात ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाची नोंद चालू असली, की त्या फोनवरून गूगलला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या खात्याच्या नावे जमा होतो. फोन कुणाच्या हातात आहे, हे खात्याला ठाऊक नसते. तुम्ही पडवीत बसून हळू आवाजात बोललात, त्याचे लिखित शब्द झाले, आणि पुतण्याने डोंबिवलीत आपल्या लॅपटॉपवर काही शोधण्यासाठी गूगलच्या रिकाम्या चौकटीत टिचकी मारली तेव्हा खाली घड्याळाच्या लहानशा चिन्हासमोर तुमचा प्रश्न त्याला दिसला. पाळत ठेवण्याचा त्यात काही प्रकार नव्हता. तो घाबरला आणि त्याने आपल्या आईला फोन लावला.

ही नोंद किती बारीक असते, हे मी सांगण्यापेक्षा दाखवते. हे उत्तर लिहायला बसण्यापूर्वी मी माझ्याच फोनवर गूगलचे अ‍ॅप उघडले, वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवले आणि ‘शोध इतिहास’ उघडला. मंगळवार, रात्री 11 वाजून 42 मिनिटे: ‘गुडघ्याला सूज जिना उतरताना दुखते’. त्यानंतर 11 वाजून 47 मिनिटे: ‘गुडघा बदलण्याचा खर्च’. पहाटे 5 वाजून 10 मिनिटे: ‘हापूस मोहोर तुडतुडे फवारणी’. त्यानंतर एकवीस मिनिटांनी: ‘गुहागर मुंबई रात्रीची गाडी’. अवघ्या चार ओळींत माझे दुखणे, माझ्या खिशाची चिंता, माझी बाग आणि माझा प्रवास सामावला होता. माझी झोप किती झाली तेही वेळांवरून कळत होते. घरातल्या माणसांना यातल्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या. माणूस मनात येईल तो प्रश्न जिथे पहिल्यांदा शब्दांत मांडतो, ती जागा आता ही चौकट झाली आहे, आणि म्हणून तिथल्या नोंदीला मी घरातल्या कपाटाच्या किल्लीइतकी जपण्याजोगी वस्तू मानते.

खाते नसते तर नोंद झालीच नसती, असे मात्र नाही. गूगलसारख्या कोणत्याही सर्च इंजिनाला, म्हणजे शोध घेऊन देणाऱ्या सेवेला, प्रश्न पाठवला की त्याच्यासोबत काही माहिती आपोआप जाते: तुमच्या नेट-जोडणीचा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, ज्यावरून साधारण कोणत्या भागातून विचारले ते कळते, दिवस आणि वेळ, फोन कोणत्या बनावटीचा, ब्राउझर (संकेतस्थळे उघडून दाखवणारे अ‍ॅप) कोणता, भाषा कोणती, आणि कुकी. कुकी म्हणजे संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी खूणचिठ्ठी, जी पुढच्या वेळी ‘हा तोच ब्राउझर’ असे सांगते. 1994 साली नेटस्केप कंपनीत ही युक्ती निघाली तेव्हा उद्देश सोयीचा होता: एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर विसरली जाऊ नये. त्याच चिठ्ठीचा पुढे माणसाचा माग ठेवण्यासाठी उपयोग होऊ लागला. या नोंदी सर्च इंजिनाला अनेक कारणांसाठी लागतात, आणि सगळीच कारणे वाईट नाहीत. शब्द चुकला तर दुरुस्त करून दाखवणे, ‘मासळी बाजार’ विचारल्यावर नागपूरचा न दाखवता जवळचा दाखवणे, एकाच ठिकाणाहून होणारा यांत्रिक मारा ओळखणे, हे सारे त्या नोंदींवरच चालते. पण गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जाहिरातींतून येतो, आणि ज्याची मिळकत जाहिरातीवर आहे त्याला तुमचा प्रश्न विसरून जाण्याची घाई नसते. आपल्या सर्व्हरवरील नोंदींतून आयपी पत्त्याचा काही भाग 9 महिन्यांनी आणि कुकीची माहिती 18 महिन्यांनी काढून टाकतो, असे गूगलचे म्हणणे आहे. खात्यात साठलेला इतिहास मात्र तुम्ही पुसेपर्यंत किंवा आपोआप पुसण्याची मुदत घालेपर्यंत राहतो.

‘नाव काढून टाकले की झाले’ असे अनेकांना वाटते, म्हणून 2006 सालची एक गोष्ट सांगते. अमेरिकेतील एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधकांना उपयोगी पडावेत म्हणून आपल्या साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील सुमारे 2 कोटी शोध खुले केले. त्यांत नावे नव्हती, प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यांतील एका क्रमांकाचे शोध ओळीने वाचले. बोटांना मुंग्या येतात ते कशाने, घरातल्या कुत्र्याच्या तक्रारी, एका छोट्या गावातील बागकाम करणारे लोक, आणि एका विशिष्ट आडनावाची माणसे, असे ते प्रश्न होते. त्यांवरून पत्रकार थेट त्या वृद्ध महिलेच्या दारात पोहोचले आणि तिने ते शोध आपलेच असल्याचे मान्य केले. कंपनीने माहिती मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती जगभर गेल्या होत्या. आपल्या गावांकडे या नजरेने पाहिले तर हे अधिकच लागू पडते. मुंबईत ‘छातीतली गाठ’ विचारणाऱ्या हजारो असतील. पण त्याच यादीत पुढे एखाद्या वाडीचे नाव, तिथल्या देवळाच्या पालखीची तारीख आणि घरच्या आडनावाची चौकशी आली, तर ओळखायला पत्रकारही लागत नाही.

आता जाहिरातींचे. शोधाच्या निकालांत सर्वांत वर ज्या ओळींवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, त्या तुम्ही विचारलेल्या शब्दांवरच लावलेल्या असतात. त्यासाठी तुमची ओळख लागत नाही. त्यापुढच्या जाहिरातींचा प्रकार वेगळा आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवर मासळीच्या राशी मांडून लिलाव पुकारला जातो, तो तुम्ही पाहिलाच असेल. तुम्ही एखादे संकेतस्थळ उघडता तेव्हा असाच एक लिलाव होतो, फक्त तो सेकंदाच्या लहानशा अंशात संपतो आणि त्यात मांडलेला माल म्हणजे तुमची नजर असते. तुम्ही कोणते पान उघडले, साधारण कोणत्या भागात आहात, फोन कोणता, त्याचा जाहिरात-क्रमांक (जाहिरातींसाठी फोनला दिलेली ओळख) काय, ही माहिती बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांकडे जाते. बोली एकजण जिंकतो, माहिती मात्र हरलेल्यांनीही पाहिलेली असते. हर्णैला ज्याला पापलेट मिळाले नाही तो रिकाम्या हाताने परततो. इथे तसे होत नाही, आणि मला या व्यवहारात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

गूगलच्या स्वतःच्या नियमांनुसार जाहिरातदारांना आजारपणासारख्या नाजूक गोष्टींवरून माणसे निवडून त्यांच्या मागे जाहिराती लावता येत नाहीत. तरीही तुम्हाला त्या दिसल्या, आणि त्याचे कारण बहुधा गूगलच्या चौकटीपलीकडे आहे. शोधाच्या निकालावर बोट ठेवून तुम्ही ज्या रुग्णालयांच्या, औषधांच्या, आरोग्यविषयक लेखांच्या पानांवर गेलात, त्या पानांवर निरनिराळ्या जाहिरात कंपन्यांनी माग ठेवणारे प्रोग्रामचे अदृश्य तुकडे बसवलेले असतात. नियम सगळेच पाळतात असे नाही, आणि सगळ्या कंपन्यांचे नियम सारखेही नाहीत.

फोन का येतात, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘मोफत सल्ला’ असे लिहिलेल्या अर्जात तुम्ही नाव आणि नंबर भरला. सर्च इंजिन तुमचा नंबर काढून कुणाला देत नाही; तो अर्जातून गेला. अशा अर्जांखाली बारीक अक्षरांत ‘आमच्या सहयोगी संस्था आपल्याशी संपर्क साधतील’ असे असते, आणि पुष्कळदा ते पान खुद्द रुग्णालयाचे नसून गरजू माणसांचे नंबर गोळा करून विकणाऱ्या मध्यस्थाचे असते. आंब्याच्या दलालाला निदान आपण ओळखत तरी असतो. तुम्ही घाबरलेल्या असताना, मध्यरात्री, मदत मिळेल या आशेने नंबर भरलात, यात तुमचा दोष नाही. त्या क्षणी माणूस बारीक अक्षरे वाचत नाही, हे तो अर्ज रचणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. आता 1909 या क्रमांकावर ‘START 0’ या इंग्रजी अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून, संदेश पाठवा, म्हणजे जाहिरातीच्या फोनांना मनाई नोंदवली जाते. जे तरीही येतील त्यांना ‘माझी संमती मागे घेते, नंबर काढून टाका’ एवढेच सांगून फोन ठेवा. तपासणीची आगाऊ रक्कम, ओटीपी किंवा आधारचा फोटो कुणी मागितला तर काहीही देऊ नका, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

मोबाइल चोरून ऐकतो का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारते. तुम्ही स्वतः माइकचे बटण दाबता तेव्हा तो ऐकतोच, ते त्याचे काम आहे. पण खिशातला फोन दिवसभर बोलणे ऐकून जाहिराती ठरवतो, याला आधार सापडलेला नाही. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली 17 हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. गुपचूप माइक चालू करून आवाज बाहेर पाठवल्याचे त्यांना आढळले नाही, काही अ‍ॅप पडद्यावरची चित्रे मात्र बाहेर पाठवत होती. तुमच्या बाबतीत तर ऐकण्याची गरजच नव्हती, कारण तुम्ही स्वतः लिहून दिलेले त्यांच्याजवळ होते.

मुलीचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते कोणते अर्धे हे तिला नीट समजले पाहिजे. इन्कॉग्निटोमध्ये शोधले असते, आणि त्या खिडकीत पुन्हा खाते उघडले नसते, तर प्रश्न पुतण्याच्या खात्यात जमा झाला नसता आणि फोनच्या इतिहासातही राहिला नसता. म्हणजे घरापुरते तुमचे गुपित राहिले असते, आणि ते काही थोडके नव्हे. परंतु तुम्ही ज्या संकेतस्थळांवर जाता त्यांना तुम्ही दिसताच, आणि नेटची जोडणी देणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे कळते, जरी तिथे काय विचारले ते साधारणपणे कळत नाही. या खिडकीच्या नावावरून लोकांचा समज असा झाला की आत गेल्यावर कुणालाच काही दिसत नाही. 2020 साली अमेरिकेत याच मुद्द्यावर गूगलविरुद्ध दावा झाला, आणि 2024 मध्ये झालेल्या तडजोडीत अशा खिडक्यांतून जमा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले. मुलीला सांगा, इन्कॉग्निटो जरूर वापर, पण ‘मोफत सल्ल्या’चा अर्ज त्यातही भरू नकोस.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. सर्वांत आधी फोनवर तुमच्या नावाचे, तुमच्या नंबरचे वेगळे खाते काढा आणि पुतण्याचे खाते काढून टाका. हे काम घाईने करू नका, कारण तीन वर्षांचे फोटो, नातेवाइकांचे नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा साठा त्याच्याच खात्यात असण्याची शक्यता आहे. ते आधी नव्या खात्यात हलवा, फोनवरून पैसे देत-घेत असाल तर ते अ‍ॅप नीट चालते आहे याची खात्री करा, मगच जुने खाते फोनवरून हटवा. पुढच्या सुट्टीत पुतण्या गावी आला की ओटीवर शेजारी बसून हे करून घ्या. एका तासाचे काम आहे. त्याच बैठकीत त्याच्या खात्यातला शोध इतिहास उघडून त्या चार-पाच रात्रींच्या नोंदी तुमच्या डोळ्यांसमोर पुसायला सांगा. पुसलेली नोंद पडद्यावरून लगेच जाते. साठ्यातून पूर्ण जायला साधारण दोन महिने आणि राखीव प्रतींतून जायला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात, असे गूगल सांगते. तुम्ही किती वेळा शोधले यासारखी माहिती त्यानंतरही राहू शकते, काय शोधले ते राहत नाही.

नव्या खात्यात ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ पूर्ण बंद करा, किंवा उपयोगाची वाटत असेल तर आपोआप पुसण्याची मुदत 3 महिन्यांवर आणा. नव्या खात्यांना ती 18 महिन्यांची लावलेली असते. फोनच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेखाली जाहिरातींचा भाग असतो, तिथून जाहिरात-क्रमांक काढून टाकता येतो. आणि एक बटण बंद केले म्हणजे सारे बंद झाले असे समजू नका. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2018 साली दाखवून दिले होते की, ठिकाणांचा इतिहास बंद केलेल्या लोकांची ठिकाणेही गूगलच्या दुसऱ्या नोंदीत, म्हणजे याच ‘वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’त, साठत होती. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये त्याबद्दल कंपनीने अमेरिकेतील 40 राज्यांशी 39 कोटी 15 लाख डॉलर देऊन तडजोड केली. उद्या तुम्ही रुग्णालयात जाल तेव्हा ते ठिकाणही नोंदले जाऊ शकते, म्हणून हे आवर्जून सांगते.

शोधण्यासाठी गूगलखेरीज दुसरी इंजिनेही आहेत. डकडकगो हे 2008 पासून चालणारे इंजिन कोण काय शोधते याचा इतिहास ठेवत नाही. जाहिराती तिथेही असतात, पण त्या त्या वेळच्या शब्दांवर लावलेल्या असतात. नेदरलँडमधील स्टार्टपेज तुमच्या वतीने मोठ्या इंजिनांकडून उत्तरे आणून देते. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना आणि आपल्या भागातल्या पत्त्यांना या ठिकाणी उत्तरे कमी मिळतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी स्वतः एस.टी.ची वेळ गूगलला विचारते आणि दुखण्याचे प्रश्न डकडकगोला. तुम्हीही तसेच करा. दुखण्याच्या प्रश्नात नाव, वय, गाव घालायचे नाही, ‘प्रायोजित’ ओळींवर बोट ठेवायचे नाही आणि माहिती वाचण्यासाठी कुणी नंबर मागितला की ते पान तिथेच बंद करायचे, एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण अजून त्याचे पाऊल हळू पडते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. त्या ‘मोफत सल्ल्या’च्या पानावर संपर्काचा पत्ता असेल तर संमती मागे घेतल्याचे आणि माहिती पुसण्याची मागणी केल्याचे लेखी कळवा, आणि त्याची प्रत जपून ठेवा.

पाखाडीवरच्या बायकांचे मात्र कोणत्याही सेटिंगमध्ये बसत नाही. एक गोष्ट तेवढी सुचवते. तुमच्या जाऊबाईंना आता कळलेलेच आहे. ते ज्या रीतीने कळले ती रीत तुम्हाला लागली, आणि लागणारच, कारण कधी आणि कुणाला सांगायचे हे ठरवण्याचा हक्क तुमचा होता. पण दापोलीला एकटीने जाण्यापेक्षा त्यांना सोबत घ्या. त्यांनी मुलाचा फोन ठेवल्यावर सर्वांत आधी काय केले असेल, याचा विचार करा. माझ्या समजुतीने त्या तुमच्या बोलण्याची वाट पाहत असतील. पुतण्यालाही स्वतः फोन करा आणि कुणाला काय सांगायचे, काय नाही, हे तुमच्या तोंडून सांगा.

फोन कपाटातून काढा, रुग्णालयात जाताना सोबत असू द्या, म्हणजे घरच्यांना कळवता येईल. फक्त खाते बदलेपर्यंत तपासणीच्या कागदांचे फोटो त्या फोनवर काढू नका. गूगल फोटोजची साठवण चालू असेल तर ते फोटोही पुतण्याच्याच खात्यात जातील आणि डोंबिवलीत त्याच्या पडद्यावर उमटतील. कागद पिशवीत ठेवा, डॉक्टरांना कागदच दाखवा, आणि पुतण्याला काय सांगायचे ते तपासणीनंतर तुम्ही ठरवा.